गाडीतली ऊब आणि वऱ्हाडातली झळ

मे महिन्यात दुपारी दोन वाजता अकोल्यात उन्हात उभी असलेली कुठलीही टॅक्सी पाहा. चालक दार उघडतो, पण लगेच आत बसत नाही. चारही काचा खाली करतो, स्टिअरिंगवर दुपट्टा टाकतो आणि बाहेरच थांबतो. "पयले गरमी निघू द्या भाऊ, मंग एसी लावतो." एसी लागतो, जाळीतून गार हवा येते, तरी कपाळ, दंड आणि मांड्या बराच वेळ भाजतच राहतात. आतली हवा निवलेली असते. डॅशबोर्ड, छत आणि काचा निवलेल्या नसतात आणि अंगाला झळ लागते ती त्यांचीच.

थंड देशांतल्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये आज हीच झळ मुद्दाम तयार करतात. तिथली अडचण आपल्या नेमकी उलटी आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, म्हणून हिवाळ्यात गाडी गरम करायला वेगळा खर्च पडत नाही. इलेक्ट्रिक मोटर फारशी उष्णता वाया घालवत नाही, त्यामुळे उबेसाठी बॅटरीलाच हात घालावा लागतो. कडाक्याच्या थंडीत आतली सगळी हवा तापवणारा विजेचा हीटर सुरुवातीला पाच किलोवॉटपर्यंत वीज ओढतो. शहरात ताशी ३० किलोमीटरने चालायला गाडीला साधारण तीन-चार किलोवॉट पुरतात. म्हणजे गाडी चालवण्यापेक्षा बसणाऱ्याला ऊब देणंच महाग! उष्णता पंप हा खर्च बराच कमी करतो. पण बाहेर पारा जितका खाली, तितका त्याचाही जोर कमी.

मग अभियंत्यांनी हवेचा नाद कमी केला आणि माणसाकडे पाहिलं. आपल्याला गार वाटतं की गरम, हे एकट्या हवेवर ठरत नाही. वारा फारसा नसेल तर हवेचं तापमान आणि भोवतालच्या पृष्ठभागांचं तापमान, या दोन्हींच्या सरासरीच्या आसपास अंगाला जाणवतं. म्हणून गुडघ्यांसमोर, दाराच्या आतल्या बाजूला पातळ तक्ते बसवायचे. कापडी किंवा प्लास्टिकच्या आवरणाखाली कार्बनचा थर किंवा बारीक तारा. वस्तुमान इतकं कमी की वीज सोडल्यावर तक्ता थोड्याच वेळात तापतो आणि हवेची वाट न पाहता त्याचे अवरक्त किरण थेट पायांवर पडतात. टोयोटाच्या बीझेड४एक्स आणि लेक्ससच्या आरझेड या गाड्यांत पुढच्या सीटवाल्यांच्या पायांसाठी असे हीटर आले. जर्मनीच्या झेडएफ कंपनीने तर २०२३च्या सुरुवातीला तापणारा सीटबेल्ट दाखवला. सीट, स्टिअरिंग आणि पट्टा अंगाला टेकलेलेच असतात, त्यामुळे तिथे लावलेली वीज सर्वांत कमी वाया जाते.

आता हिशेब आपल्याकडे आणू. पृष्ठभागातून निघणारे किरण त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतात, हा स्टेफान-बोल्ट्झमनचा नियम. ६० अंशांचा तक्ता २८ अंशांच्या कपड्यांना दर चौरस मीटरमागे सुमारे २३० वॉट देतो. ७० अंशांचा पृष्ठभाग देतो सुमारे ३२०. आणि ७० हा आकडा कल्पनेतला नाही. अ‍ॅरिझोनातल्या टेंपे शहरात उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या आतलं तापमान संशोधकांनी मोजलं. २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश, स्टिअरिंग ५३, सीट ५१. अकोल्याचा मे त्याहून सौम्य नाही. थंड देशातला माणूस ज्या यंत्रासाठी पैसे मोजतो, त्याहून जोरदार यंत्र आपल्या गाडीत सूर्य फुकट चालवतो आणि ते बंद करायला बटण नाही.

वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. धाब्याच्या घरावरचा मातीचा जाड थर दुपारची उष्णता आत पोचूच देत नसे. काँक्रीटचा स्लॅब आला आणि दिवसभर शोषलेलं ऊन रात्री घरातल्यांच्या अंगावर उतरू लागलं. म्हणून उन्हाळ्यात लोक गच्चीवर चुना मारतात, संध्याकाळी पाणी शिंपडतात. कूलरने हवा गार होते, पण छताची झळ कमी व्हायला छतावरच काही करावं लागतं.

गाड्या बनवताना मात्र ही समज हरवलेली दिसते. काचेचं भलंमोठं छत आज मिरवायची वस्तू झाली आहे. युरोपातल्या ढगाळ दिवसांत ते छान असेल. अमरावती-अकोला रस्त्यावर, जिथे जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीजमध्ये नोंद झाली, त्या काळ्या पट्ट्यावर वरून ऊन आणि खालून डांबराची धग. तिथे डोक्यावर काच कशाला हवी? एसी मोठा करून भागवलं तर बॅटरी तितकी लवकर उतरणार.

आपल्याला हवं ते साधं आहे आणि बरंचसं उपलब्धही आहे. समोरच्या व मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के दृश्य प्रकाश आत आलाच पाहिजे, असा नियम आहे. पण सूर्याची जवळजवळ निम्मी ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. ती परतवणारी काच उजेड न अडवता झळ अडवते. छताला पांढरा रंग, आत उष्णतारोधक थर, फिक्या रंगाचा डॅशबोर्ड. आणि हवा खेळती ठेवणाऱ्या सीटा. पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉन ईव्हीच्या वरच्या प्रकारांत त्या आल्या. माझ्या मते त्या सर्वांत स्वस्त प्रकारातही हव्यात, कारण टॅक्सीवाला तोच घेतो आणि दिवसभर उन्हात तोच बसतो. पाठीवरचा घाम वाळला की एसी दोन अंश वर ठेवूनही चालतं.

तापणाऱ्या तक्त्यांना वऱ्हाडात जागाच नाही असं मात्र नाही. परतवाड्याहून घाट चढून जानेवारीच्या पहाटे चिखलदऱ्याला पोचणाऱ्याला गुडघ्यांपाशी ऊब हवीच असते. पण त्या चार आठवड्यांसाठी दाराच्या आत तक्ते कोण बसवेल? तिथे तापणारी सीट पुरते. तिला लागणारी वीज शंभर वॉटच्या आसपास.