आळस नव्हे, गळ्यातील ग्रंथी

घरातील सून दिवसा आडवी झाली की तिला कोणते नाव पडते, हे सांगायला नको. आमच्याही घरी ते पडले होते. धाकट्या भावाची पत्नी, वय एकोणतीस. बाळंतपणानंतर वर्षभरात तिचा चेहरा सुजल्यासारखा झाला, केस गळू लागले, आवाज घोगरा झाला. भर वैशाखात तिला पंखा सोसवेना. "वारा लागतो म्हणे राणीसरकारांना!" असे आई म्हणायची. कोणी दृष्ट काढायला सांगितले, कोणी अंगारा आणून दिला. वस्तीत अंधश्रद्धेविरुद्ध भाषणे करणाऱ्या आम्ही तो अंगारा मोरीत टाकला खरा. पण तिला दवाखान्यात न्यावे हे आम्हालाही सुचले नाही. मनातून आम्हीही तिला आळशीच समजत होतो.

बाळाला डोस पाजायला ती दवाखान्यात गेली तेव्हा तेथील डॉक्टरीणबाईंनीच तिच्या गळ्याला बोटे लावली, आवंढा गिळायला सांगितला आणि रक्त तपासायला पाठवले. रिपोर्टवर टीएसएचचा आकडा होता ७८. शेजारी छापलेली मर्यादा पाचाच्याही आत. आकडा मोठा, म्हणजे ग्रंथी फारच जोरात चालली असावी, असा हिशेब आम्ही मांडला. नेमके उलटे होते. ते का, हे समजून घेताना जे कळले ते येथे देत आहोत. आम्ही डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेले कारकून आहोत. तेव्हा कचेरीच्या भाषेतच सांगतो.

शरीरात दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. लाळेच्या, घामाच्या ग्रंथींना नळी असते. दुसऱ्या बिननळीच्या, त्यांचा रस थेट रक्तात उतरतो आणि दूरच्या अवयवाला हुकूम पोचवतो. या रसाला संप्रेरक म्हणजेच हार्मोन म्हणतात. हे नाव इंग्लंडच्या स्टार्लिंग या शास्त्रज्ञाने १९०५ साली रूढ केले. मधुमेहामुळे इन्सुलिन आता घरोघरी माहीत झाले आहे. तेही असेच एक संप्रेरक.

थायरॉईड ही कंठमण्याच्या खाली बसलेली, फुलपाखराच्या आकाराची, जेमतेम २० ग्रॅमची ग्रंथी. हृदयाचे ठोके, अंगातील ऊब, आतड्याची चाल, पाळी, या सर्वांचा वेग तिच्या हाती. तिच्यावर देखरेख करतो तो मेंदूच्या तळाशी असलेला वाटाण्याएवढा हेडक्लार्क, म्हणजे पीयूषिका ग्रंथी. रक्तात थायरॉईडचा रस कमी दिसला की तो स्मरणपत्र धाडतो. हे स्मरणपत्र म्हणजेच टीएसएच. खालचे टेबल काम करीत असेल तर एका पत्रात भागते. टेबलावर माणूसच नसेल तर? पत्रांमागून पत्रे सुटतात, ढीग लागतो. रिपोर्टवरील ७८ हा त्या ढिगाचा आकडा होता, कामाचा नव्हे.

पूर्वी अशा रोग्याला उपाय नव्हता. १८९१ मध्ये इंग्लंडात डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क सेहेचाळीस वर्षांच्या एका बाईंना टोचला. बाई सुधारल्या आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगल्या. आज तेच काम एक बारीक गोळी करते.

आपल्या देशात या ग्रंथीचा मोठा शत्रू होता आयोडीनचा अभाव. मोठ्या माणसाला दिवसाला केवळ १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, पण डोंगराळ भागातील मातीत तेवढेही नसे. १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी गावांना आयोडीनयुक्त मीठ पुरवले आणि गलगंड ओसरतो हे दाखवून दिले. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे साध्या खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये बंदी आली, २००० मध्ये ती उठली, २००६ मध्ये पुन्हा आली. (मिठावरही असे राजकारण होते!) मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे, नाहीतर आयोडीन उडून जाते. मात्र मोठेपणी ग्रंथी मंदावण्याचे एक मोठे कारण वेगळेच आहे: शरीराची संरक्षक यंत्रणाच तिच्यावर उलटते. तेथे मीठ वाढवून उपयोग नाही. आमच्या वहिनींचे तसेच होते.

सर्वांत जपायचे ते बाळाला. काही बालकांत जन्मतःच ही ग्रंथी नसते किंवा चालत नाही. जन्मल्यावर अनेकदा काहीच दिसत नाही, आणि औषधाविना गेलेल्या महिन्यांत बुद्धीची वाढ खुंटते ती भरून येत नाही. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर हे कळते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर मूल इतरांसारखे वाढते. प्रसूतीच्या ठिकाणी ही तपासणी होते का, हे आवर्जून विचारा. गरोदर बाईने आपली गोळी बंद करू नये. उलट तेव्हा डोस बहुधा वाढवावा लागतो.

वहिनींना तीन महिन्यांत हुशारी आली. लगेच "आता बरे वाटते, गोळी कशाला?" म्हणून त्यांनी ती सोडली आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा रजईत शिरल्या. गोळी रोजचीच, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासाने, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचे.

हल्ली पहाटे सहाला आईच त्यांच्या हातावर गोळी ठेवते आणि साडेसहापर्यंत घरात कोणालाही चहा टाकू देत नाही, आम्हालासुद्धा.