लालबागहून वेम्बलीला, साडेचार तास मागे

पहाटे साडेचार. लंडनच्या जुलैत या वेळेला खिडकीबाहेर उजाडायला लागतं. लालबागला नऊ वाजलेत. पाणी भरून झालं असेल. माझी झोप अजून पहिल्या पाळीचीच. वडिलांना गिरणीच्या भोंग्यानं उठवलं, मला वडिलांनी. आम्ही दोघं भिंतीशी बसून त्रिशरण-पंचशील म्हणतो, हळू आवाजात. पलीकडच्या खोलीत नात झोपलेली असते आणि इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या.

सहा वाजता हिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. सून उठायच्या आत पोळ्या झाल्या पाहिजेत, असा हिचा नेम. सून हजारदा सांगते, "आई, राहू द्या." या दोघींच्या वादात मी पडत नाही. ओट्यावर बरणीत आमचा मसाला आहे. विमानाची तिकिटं एप्रिलची काढायची होती, पण लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्या घेऊन, उन्हं दाखवून, डंकावर कुटून आणल्याशिवाय ही हलायला तयार नव्हती. "तुमचं प्रवचन तिथं कोण ऐकेल ठाऊक नाही, आमटी सगळे खातील," म्हणाली. तसंच झालं.

साडेआठला मी वही उघडली. चाळीतली पोरं आम्हाला 'मिशनरी जोडपं' म्हणून चिडवतात. बाबासाहेबांनी 1955च्या मे महिन्यात भारतीय बौद्ध महासभा स्थापली. तिच्या शिबिरातून मी बौद्धाचार्य झालो, ही केंद्रीय शिक्षिका. लग्न, नामकरण, गृहप्रवेश, पुण्यानुमोदन. लालबाग-परळात बोलावतील तिथं जायचं. मुलगा म्हणाला, "बाबा, या उन्हाळ्यात आराम करा." आरामाचे दोन दिवस झाले आणि त्याच्या ऑफिसातल्या एकाचा फोन आला : काका, घर घेतलंय, वंदना घ्याल का?

ते संध्याकाळी. सकाळ आमची, फिरायची. दहाला वेम्बली पार्कहून ज्युबिली लाइन पकडली, स्विस कॉटेजला उतरलो आणि वीसेक मिनिटं चालत 10, किंग हेन्रीज रोड, बाबासाहेब राहत ते घर. बाहेर निळी पाटी, 1921-22 साल घातलेली. महाराष्ट्र सरकारनं हे घर 2015 मध्ये घेतलं. पुढे शेजाऱ्यांनी गर्दीची तक्रार केली, नगरपालिकेनं स्मारकाला परवानगी नाकारली, प्रकरण वरपर्यंत गेलं आणि 2020 मध्ये परवानगी मिळाली. गल्ली अशी निवांत की आम्हा दोघांच्या चपलांचा आवाज ऐकू यावा. चैत्यभूमीच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला इथली कसली गर्दी म्हणतात तेच कळत नाही.

आत गेल्यावर मी पाट्या वाचत सुटलो. बाबासाहेब 1920 मध्ये दुसऱ्यांदा लंडनला आले ते अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला. अर्थशास्त्राची डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय. ही मात्र जिन्याशी थांबली. जिना अरुंद. कठड्यावर हात ठेवून म्हणाली, "अहो, रात्री उपाशीपोटी हा जिना चढत असतील." त्या दिवसांत रात्री पापड भाजून दुधाबरोबर खात, असं चरित्रांत येतं. ते वाचलं होतं दोघांनीही. जिना बघून आठवलं हिला.

जेवण प्रिमरोझ हिलवर, हिरवळीवर, डब्यातलं. शेजारी एक गोरी बाई उघड्या पाठीनं ऊन खात पालथी पडलेली. मे महिन्यात भारतमाता सिनेमापासून चिंचपोकळीपर्यंत सावली शोधत चालणाऱ्यांना हा प्रकार समजायला वेळ लागतो.

मागच्या आठवड्यात हायगेटला मार्क्सचं थडगं बघून आलो. आत जायला तिकीट आहे! माझे आजोबा लाल बावट्याचे. गिरणीत रिंगखात्यात होते. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला मज्जाव. धोट्यात धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाचं कारण. 1928चा संप सहा महिने चालला, तेव्हा ही बंदी उठवण्याची मागणीही संपाच्या मागण्यांत घ्या, असा आग्रह बाबासाहेबांनी पुढाऱ्यांकडे धरला होता. आजोबांनी बावटा सोडला नाही आणि बाबासाहेबांनाही सोडलं नाही. थडग्यापुढे मी हात जोडले. ही म्हणाली, "तिकिटाचे पैसे वसूल करताय का?"

साडेतीनला घरात पाहिजेच, कारण तिकडे रात्रीचे आठ. वर्षावास सुरू आहे. तीन महिने विहारात रोज 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. एरवी वाचक मी. यंदा मंडळींनी मोबाइल खुर्चीवर टेकवून ठेवायचा आणि मी वेम्बलीहून वाचायचं, असं ठरलं. पांढरा सदरा घालून बसलो. पडद्यावर पहिल्या रांगेतल्या बायकांचे फक्त गुडघे दिसत होते. मागे पावसाचा आवाज आणि गणपतीच्या तयारीतल्या ढोलांचा सराव. लालबागमध्ये जुलैत त्याला इलाज नाही. ते वाजवतात, आम्ही वाचतो. दोनदा रेंज गेली. दुसऱ्यांदा आवाज परत आला तेव्हा तिथल्या एका आठवीतल्या मुलीनं पुस्तक हातात घेऊन पुढचं पान वाचायला घेतलं होतं. छान वाचत होती, जोडाक्षरं न अडखळता. मी माझा माइक बंद केला.

सहाला हॅरो. नवं घर, पंचवीसेक माणसं, नागपूरची, औरंगाबादची, एक कुटुंब थेट आमच्या नायगावचं. वंदना झाली, परित्राणपाठ झाला. मग मी बावीस प्रतिज्ञांवर बोललो. मुलं चुळबुळत होती. दहा-अकरा वर्षांच्या एकानं इंग्रजीत विचारलं, "आजोबा, शाळेत मला जात विचारली तर काय सांगू?" विचारणारा मुलगा भारतीयच होता, म्हणे. माझ्याजवळ उत्तराला धर्मांतराचा इतिहास होता, 14 ऑक्टोबर 1956पासूनचा. हिनं त्याला जवळ बसवलं. "त्यानं विचारलं तेव्हा तू काय म्हणालास?" "काहीच नाही." "आणि मनात काय आलं?" पुढची पंधरा मिनिटं तो बोलत होता. त्याची आई स्वयंपाकघराच्या दारात ताट धरून उभी. घरी त्यानं यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. निघताना तिनं नंबर मागितला तो हिचा.

रात्री साडेनऊला बसमधून उतरलो तरी उजेड होता. उद्या वुल्व्हरहॅम्प्टन. तिथल्या बुद्धविहारातली मंडळी बरीचशी पंजाबी. त्यांचे वाडवडील कारखान्यांत राबायला इकडे आले. जयभीम तेच, फक्त भाषण हिंदीत करायचं. मुद्दे काढून ठेवलेत. हिनं बजावलंय, वीस मिनिटांच्या वर गेलात तर मी उठून वाढायला घेईन.