मरताना ‘मी’, मिरवताना ‘ती’!

मारिओ खड्ड्यात पडला की आपण काय ओरडतो? ‘मारिओ मेला’? छे! ‘ए, मी मेले!’ पडद्यावर मिशीवाला बाप्या आणि क्रियापद मात्र माझं, चक्क स्त्रीलिंगी! माझ्या भावाचं उलट. लारा क्रॉफ्टला कड्यावरून पाडलं की तो ‘मी मेलो’ म्हणायचा आणि लेव्हल पार झाली की ‘कसली भारी आहे ना ती!’ म्हणजे मरताना ‘मी’ आणि मिरवताना ‘ती’.

हा ‘मी’ येतो कुठून? दिसण्यातून नक्कीच नाही. १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’मध्ये मारिओ पहिल्यांदा आला, तेव्हा तो नुसता ‘जम्पमॅन’ होता. मोजक्या ठिपक्यांत तोंड काढणं अवघड, म्हणून शिगेरू मियामोतोने त्याला मिशी चिकटवली. केस काढायला नकोत म्हणून टोपी घातली. तरी तो आपला वाटतो, कारण बटण आपल्या हातात असतं. सिनेमातला हीरो नको त्या दारात शिरला तर आपण त्याला शिव्या घालतो. गेममध्ये ते दार आपणच उघडलेलं असतं.

बरं, हे वारं दोन्ही बाजूंनी वाहतं. २००७ मध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी आभासी जगात काहींना उंच अवतार दिले, काहींना बुटके. मग पैसे वाटून घ्यायला सांगितले. उंच अवतारवाले घासाघीस करताना जास्त ताठ वागले! आपण पात्र चालवतो म्हणता म्हणता तेही आपल्याला चालवतं.

पण ज्याचा राग येतो, त्यालाच चालवायची वेळ आली तर? (‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ खेळायचा असेल, तर पुढचा परिच्छेद गाळा!)

पहिल्या भागात आपण बहुतेक वेळ ज्याच्या रूपात जगतो, त्या जोएलला २०२० च्या या दुसऱ्या भागात ॲबी ठार मारते. आणि अर्ध्या वाटेवर गेम आपल्याला ॲबीच करून टाकतो. तिच्या हातांनी लाडक्या एलीला मारायचं! मी कंट्रोलर खाली ठेवून सरळ चहा टाकायला उठले. अनेक खेळाडू तर इतके भडकले की ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. बटण दाबणारे आपण, कथा लिहिणारे तिसरेच आणि राग निघाला आवाजावर!

चहा संपल्यावर मी परत बसले. तासाभरात ॲबीचे मित्र, तिचा बाप, तिची उंचीची भीती, सगळं ओळखीचं झालं. एका हल्ल्यात ती पडली आणि तोंडातून निघालंच, ‘मी मेले!’ माफ केलं का तिला? नाही बुवा. पण तिच्या जागी उभं राहायला माफ करावं लागत नाही, एवढं कळलं. आता ऑफिसातल्या त्या नावडत्या सहकाऱ्याचा कंट्रोलर तासभर हातात मिळाला तर? बघा विचार करून!