मॉनिटर नवा, पण चित्र ताणलेलं? रिझोल्यूशन असं दुरुस्त करा



संगणक कक्षातला किंवा घरातला जुना मॉनिटर बंद पडतो. आपण त्याच सीपीयूला नवा, रुंद मॉनिटर जोडतो. चित्र तर येतं, पण अक्षरं फुगलेली आणि पुसट दिसतात, फोटोतली माणसं अचानक जाड होतात. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, "मॉनिटरच खराब निघाला, परत करा." कुणी म्हणतं, "सीपीयू जुना झालाय, पूर्ण सेटच बदला." खर्च करण्याआधी थोडं थांबा. बऱ्याचदा मॉनिटरही चांगला असतो आणि सीपीयूही. दोघांची एकमेकांशी नीट ओळख झालेली नसते, एवढंच.

"दिसतंय ना, मग चालू द्या" असंही करू नका. जिओजेब्रामध्ये आपण वर्तुळ काढतो आणि मुलांना दिसतं ते अंडाकृती! त्रिज्या सगळीकडे सारखी असते, असं आपण सांगतो आणि पडदा वेगळंच दाखवतो. शिवाय पुसट अक्षरं तासभर वाचून मुलांचे डोळे दमतात, ते वेगळंच.

रिझोल्यूशन म्हणजे नेमकं काय?

पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. १९२०×१०८० म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. जुन्या, मागे मोठं पोट असलेल्या सीआरटी मॉनिटरवर वेगवेगळी रिझोल्यूशन बऱ्यापैकी चालून जायची. आजच्या सपाट एलसीडी किंवा एलईडी मॉनिटरमध्ये ठिपक्यांची संख्या कारखान्यातच ठरलेली असते. त्या संख्येएवढंच रिझोल्यूशन ठेवलं तर चित्र स्वच्छ दिसतं. कमी ठेवलं तर मॉनिटर चित्र ताणून बसवतो.

नेहमी दिसणारे आकार असे :

- १७ किंवा १९ इंची, जवळजवळ चौकोनी : बहुधा १२८०×१०२४
- १८.५ इंची रुंद : बहुधा १३६६×७६८
- २१.५ इंची रुंद : बहुधा १९२०×१०८०

नक्की आकडा मॉनिटरच्या खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत मिळतो. तो आधी कागदावर लिहून घ्या.

आता ही ओळख होते कशी, ते बघू. मॉनिटरच्या आत एका छोट्या चिपमध्ये त्याची स्वतःची माहिती साठवलेली असते : कंपनी, मॉडेल, योग्य रिझोल्यूशन वगैरे. तिला ईडीआयडी म्हणतात. ही माहिती केबलमधून सीपीयूकडे जाते. ती पोहोचली नाही, किंवा पोहोचूनही ती वापरणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर नसला, तर संगणक अंदाजाने १०२४×७६८ सारखं एखादं सुरक्षित रिझोल्यूशन धरतो. म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवा : आधी सेटिंग, मग केबल, मग ड्रायव्हर. पहिल्या पायरीला खर्च नाही, वेळही दोनच मिनिटं लागतो.

पायरी १ : सेटिंग तपासा

विंडोज १० किंवा ११ मध्ये डेस्कटॉपवर रिकाम्या जागी माऊसचं उजवं बटण दाबा आणि 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडा. 'डिस्प्ले रिझोल्यूशन'च्या यादीत ज्या आकड्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तो निवडा. तो आपण कागदावर लिहिलेल्या आकड्याशी जुळतो का, हेही पाहा. मग 'कीप चेंजेस' दाबा. पडदा काळा झाला तर घाबरू नका, काहीही दाबू नका. १५ सेकंदांत जुनं सेटिंग आपोआप परत येतं.

कक्षात प्रोजेक्टरही जोडलेला असेल तर इथे एक मेख असते. 'डुप्लिकेट' पद्धतीत मॉनिटर आणि प्रोजेक्टरवर एकच चित्र जातं, त्यामुळे दोघांना चालेल असंच रिझोल्यूशन निवडलं जातं. जुना प्रोजेक्टर १०२४×७६८ चा असला की नवा मॉनिटरही तिथेच अडकतो. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा, 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडा आणि रिझोल्यूशन पुन्हा पाहा.

पायरी २ : केबल तपासा

यादीत योग्य आकडाच दिसत नसेल तर केबलकडे वळा. दोन्ही यंत्रं बंद करून केबल काढा. निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमध्ये १५ पिनांची जागा असते. त्यातल्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांमधून मॉनिटरची माहिती जाते. पिन वाकलेली असेल किंवा स्वस्त केबलमध्ये ती तार जोडलेलीच नसेल, तरी रंगीत चित्र व्यवस्थित येतं. माहिती मात्र पोहोचत नाही. म्हणूनच "चित्र येतंय म्हणजे केबल ठीक आहे" हे खरं नाही. (९ क्रमांकाची पिन काही केबलमध्ये मुद्दामच नसते, तो दोष नव्हे.)

मधे स्प्लिटर किंवा जोडकेबल असेल तर ती काढा आणि मॉनिटर थेट सीपीयूला जोडा. दोन्हीकडे एचडीएमआयची सोय असेल तर तीच केबल वापरा. सीपीयूत वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटर त्या कार्डालाच जोडा.

पायरी ३ : ड्रायव्हर तपासा

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि त्यात 'डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स' पाहा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर' असं नाव दिसलं तर समजा, खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर असं होऊ शकतं. इंटरनेट जोडून विंडोज अपडेट चालवा. तरी जमलं नाही तर संगणक किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. 'मोफत ड्रायव्हर' देणाऱ्या भलत्याच साइटवर जाऊ नका.

आणखी काही अडचणी

*अक्षरं बारीक दिसतात.* रिझोल्यूशन बरोबर केलं की काहींना अक्षरं लहान वाटतात आणि ते पुन्हा रिझोल्यूशन कमी करतात. तसं करू नका. त्याच पानावर 'स्केल' १०० टक्क्यांवरून १२५ टक्के करा. अक्षरं मोठी होतील आणि स्वच्छही राहतील.

*चित्र एका बाजूला सरकलंय.* व्हीजीए जोडणी असेल तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा, किंवा मॉनिटरच्या मेनूत 'ऑटो अ‍ॅडजस्ट' शोधा.

*'आऊट ऑफ रेंज' असा संदेश येतो.* म्हणजे संगणक मॉनिटरच्या कुवतीबाहेरचं चित्र पाठवतोय. दुसरा चालणारा मॉनिटर जोडा, रिझोल्यूशन १०२४×७६८ करा, मग हा मॉनिटर जोडून योग्य आकडा निवडा.

झालं का बरोबर? मुलांकडूनच तपासून घ्या

पडद्यावर वर्तुळ काढा आणि मुलांच्या हातात पट्टी द्या. उंची आणि रुंदी सारखी भरली तर चित्र ताणलेलं नाही. १०२४×७६८ चं प्रमाण ४:३ आणि १९२०×१०८० चं १६:९. पहिलं चित्र दुसऱ्या पडद्यावर पूर्ण ताणलं तर रुंदी उंचीच्या चार-तृतीयांश होते. म्हणजे ९ सेंमी उंचीचं 'वर्तुळ' १२ सेंमी रुंद भरतं. गुणोत्तर शिकणाऱ्या वर्गाला हा आकडा स्वतः काढू द्या. चुकीचं आणि बरोबर अशी दोन्ही सेटिंग्ज लावून मोजायला सांगा, गुणोत्तराचा एक तास यातच छान होईल.

आणि हो, सगळं जमलं की योग्य रिझोल्यूशनचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवा. पुढच्या वेळी कुणी केबल बदलली किंवा विंडोज नव्याने टाकलं, तर नवीन शिक्षकालाही शोधत बसावं लागणार नाही.