टाचेमागचे दुखणे : केवळ विश्रांती पुरेशी नाही

पहाटे रंकाळ्याच्या काठाने फिरणारे ज्येष्ठ नागरिक, शाहू स्टेडियमवर उतरणारे तालमींचे फुटबॉलपटू आणि पोलिस भरतीसाठी धावण्याचा सराव करणारे तरुण या साऱ्यांना एक दुखणे सारखेच गाठू शकते. सकाळी पहिली पावले टाकताना टाचेच्या मागे, किंचित वर, ताठरपणा जाणवतो. थोडे चालल्यावर तो ओसरतो. त्यामुळे दुखणे अंगावर काढले जाते आणि मुरते.

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या या जाड दोरीला मराठीत धोंडशीर असा जुना शब्द आहे. वैद्यकशास्त्रात ती अकिलीस टेंडन. ती रक्तवाहिनी नव्हे, तर कंडरा आहे. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. मात्र, तिचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने झीज भरून येण्यास अनेक आठवडे लागतात.

दुखणे का जडते?

सराव एकाएकी वाढविणे हे प्रमुख कारण. वाढते वय, स्थूलता व मधुमेह यांमुळेही धोका वाढतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविके घेताना हे दुखणे उद्भवल्यास डॉक्टरांना तत्काळ कळवावे. कोल्हापुरी चपलेचा सपाट तळ एरवी बाधत नाही. पण दुखऱ्या कंडरेवर त्याने ताण वाढतो. बरे वाटेपर्यंत किंचित उंच टाचेचे बूट वापरणे हितावह ठरते.

उपचार कोणते?

धावणे व उड्या काही काळ कमी कराव्यात. बर्फाच्या शेकाने तात्पुरता आराम मिळतो. परंतु संपूर्ण विश्रांतीने वेदना थांबली, तरी कंडरा बळकट होत नाही. स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक हाकान आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेला व्यायाम त्यासाठी आजही उपयोगी मानला जातो. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून दोन्ही पायांनी टाचा उचलाव्यात. मग भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीखाली न्यावी. गुडघा सरळ ठेवून व किंचित वाकवून, प्रत्येकी 15 वेळा, अशी 3 आवर्तने दिवसातून दोनदा, 12 आठवडे करावीत. सौम्य वेदना चालते. ती वाढत गेल्यास भार कमी करावा. दुखणे थेट टाचेच्या हाडाशी असल्यास टाच पायरीखाली नेऊ नये. व्यायामाची सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करणे उत्तम.

सामना तोंडावर आला म्हणून कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन मैदानात उतरणे घातक आहे. वेदना दबते, पण कमकुवत कंडरा तुटण्याचा धोका वाढतो. पाठीमागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून 'कट्' आवाज झाला आणि चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, तर मालीश करीत न बसता त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. एक सामना हुकल्यास पुढचा खेळता येतो. तुटलेली कंडरा मात्र अनेक महिने मैदानाबाहेर बसविते.