जानेवारीअखेर आजी-आजोबांना पक्षी मोजायला बसवा!

यूकेतल्या मंडळींनो, भारतातून आई-बाबा आलेत आणि थंडीमुळे घरात अडकून पडलेत का? मग जानेवारीचा शेवटचा वीकेंड राखून ठेवा. तेव्हा आरएसपीबी या संस्थेची ‘बिग गार्डन बर्डवॉच’ ही पक्षीगणना असते. 1979 मध्ये मुलांसाठी सुरू झालेल्या या उपक्रमात आज लाखो लोक भाग घेतात. भाग घ्यायला पैसे लागत नाहीत, सभासद असायचीही गरज नाही.

बागेत, बाल्कनीत किंवा जवळच्या पार्कात एक तास बसायचं. उतरलेले पक्षीच मोजायचे, वरून उडत गेलेले नाहीत. एका जातीचे एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसले, तेवढाच आकडा लिहायचा. आधी चार ब्लू टिट दिसले आणि नंतर सहा, तर नोंद सहाची. नाहीतर तोच पक्षी पुन्हा पुन्हा मोजला जातो.

आमच्याकडे नात वही धरते, आजी शाल-कानटोपीत खुर्चीवर आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. आजीची नजर भारी तीक्ष्ण! कुंपणावरची चिमणी तिनेच आधी टिपली. ही चिमणी आपल्या अंगणातल्याच जातीची, आणि इथेही ती खूप घटली आहे, म्हणून या नोंदींना मोल आहे. रॉबिन तर ऐन थंडीतही गातो. नरच नव्हे, मादीसुद्धा.

दाणे घालणार असाल तर शेंगदाणे बिनमिठाचेच हवेत, आणि भांडं नियमित धुवा; घाणेरड्या भांड्यातून पक्ष्यांत रोग पसरतात.