आघातोत्तर ताणविकृती, माजी सैनिकांतील

आघातोत्तर ताणविकृती, माजी सैनिकांतील : युद्ध, चकमक, स्फोट, सहकाऱ्याचा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू यांसारख्या प्रसंगानंतर उद्‌भवणारी व एक महिन्याहून अधिक काळ टिकणारी मनोविकृती. घडून गेलेला प्रसंग पुनःपुन्हा प्रत्यक्षवत अनुभवास येणे, त्याची आठवण करून देणारी स्थळे व माणसे टाळणे, मन बधिर किंवा अपराधी होणे आणि सतत सावध राहून लहानशा आवाजानेही दचकणे, ही तिची प्रमुख लक्षणे होत. सेवेतील शिस्त व पलटणीची सोबत सुटल्यावर ती पुष्कळदा प्रथमच ठळकपणे जाणवतात. तिच्यावर परिणामकारक उपचार आहेत. खरी अडचण रुग्णाने ते सुरू करण्याची आहे.

चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय लेखनात आणली. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जासंस्थेला इजा होते, ही तिच्यामागील मूळ कल्पना पुढे मागे पडली. भित्रेपणाचा शिक्का मात्र टिकून राहिला. व्हिएटनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर, १९८० मध्ये, या विकृतीला अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले. पुणे परिसरातील संस्थांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. अपंग सैनिकांना व्यवसायशिक्षण देणारी, आज खडकीत असलेली क्वीन मेरी संस्था १९१७ मधील, तर पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठीचे खडकीचेच पक्षाघात पुनर्वसन केंद्र १९७४ मधील. दिसणाऱ्या जखमेची सोय झाली, त्या वेळी न दिसणाऱ्या जखमेला आजचे नावही नव्हते.

पुणे–लोणावळा लोहमार्गावरील बेगडेवाडी हे मावळ तालुक्यातील स्थानक देहूरोडच्या लष्करी छावणीलगत आहे. लोणावळ्यास नौदलाची ‘शिवाजी’ ही प्रशिक्षण संस्था आहे. लष्करी आस्थापनांच्या अशा पट्ट्यात निवृत्त सैनिकास उपचार भौगोलिक दृष्ट्या दूर नसतो. लोकल गाडीने खडकी किंवा पुणे गाठता येते. अंतर असते ते मनाचे. सेनादलांच्या ‘शेप’ या वैद्यकीय श्रेणीपद्धतीतील पहिले अक्षर मानसिक स्थितीचे असून श्रेणी खालावल्यास बढती व नेमणूक यांवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे झोप येत नाही हे लपविण्याची सवय सेवेतच जडते. निवृत्तीनंतर श्रेणीचे भय उरण्याचे कारण नसते, सवय उरते. शिवाय ‘फौजी माणसाला काय धाड भरली आहे’ ही गावाची समजूत आणि ‘वेड्यांचा डॉक्टर’ हा शब्दप्रयोग आहेच. परिणामी रुग्ण डोकेदुखी, छातीतील धडधड किंवा आम्लपित्त यांची तक्रार घेऊन येतो, अथवा रात्र काढण्यासाठी दारूचा आधार घेतो. घरात प्रथम कळते ते बहुधा पत्नीला.

म्हणून आरंभ मनोविकारतज्ज्ञाकडे नव्हे, तर जेथे रुग्ण एरव्ही जातोच तेथे व्हावा, हे इष्ट. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेच्या (२००३ पासून) चिकित्सालयात रक्तदाब तपासतानाच झोप, दुःस्वप्ने, दचकणे व टाळाटाळ यांविषयी साधे प्रश्न विचारता येतात. केवळ चिठ्ठी देऊन पाठवणी केल्यास बरेच रुग्ण मध्येच गळतात. पहिल्या भेटीचा दिवस त्याच्यासमोरच ठरविणे, आदल्या दिवशी दूरध्वनी करणे आणि उपचार घेतलेल्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला सोबत देणे, हे उपाय दिसायला किरकोळ असले, तरी उपयुक्त आहेत.

उपचाराचे स्वरूप आधीच सांगणे तितकेच महत्त्वाचे. सम्मुखता उपचारात रुग्ण टाळलेल्या आठवणींना व परिस्थितींना क्रमाक्रमाने सामोरा जातो. साधारणतः ८ ते १५ बैठका लागतात. बोधनिक प्रक्रिया उपचारात, ‘मी तेथे असतो तर तो वाचला असता’ यांसारख्या समजुती तपासल्या जातात. त्याच्या सुमारे १२ बैठका असतात आणि प्रसंगाचे सविस्तर कथन त्यात अनिवार्य नसते. नेत्रचलनाधिष्ठित उपचार हा तिसरा पर्याय. औषधांपैकी सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन यांसारख्या अवसादरोधकांचा उपयोग होतो. झोपेसाठी सर्रास दिली जाणारी बेंझोडायझेपीन औषधे मात्र या विकृतीत हितकर मानली जात नाहीत. सुरुवातीच्या बैठकांनंतर काही रुग्णांचा त्रास तात्पुरता वाढतो. हे ठाऊक नसलेला रुग्ण तेव्हाच उपचार सोडतो. दारू पूर्ण सुटेपर्यंत उपचार थांबविण्याचीही आवश्यकता नाही. दोन्हींवर एकत्र उपचार करता येतात.

अर्थात अवास्तव आश्वासन देऊ नये. पहिल्या दोन पद्धतींच्या सैनिकांवरील चाचण्यांचा २०१५ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात अनेकांना लक्षणीय आराम पडला, तरी सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत विकृतीचे निदान कायम राहिल्याचे आढळले. एका पद्धतीने गुण न आल्यास दुसरी द्यावी लागते.

आत्महत्येचा धोका पहिल्याच भेटीत थेट विचारावा; विचारल्याने तो वाढत नाही. निवृत्तीनंतर बँका व कारखान्यांत सशस्त्र रक्षकाची नोकरी करणारे पुष्कळ असल्याने बंदूक घरात असते काय, याची चौकशी करून धोक्याच्या काळात ती अन्यत्र ठेवण्याची व्यवस्था कुटुंबीयांच्या साहाय्याने करावी. तातडीच्या सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. सेनादलांतील व्यक्ती व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी तिचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला.